प्लायवूड, हत्ती आणि तीन देशांचं एक जंगल : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात काँगो खोऱ्यातल्या, म्हणजे मध्य आफ्रिकेतल्या पावसाळी जंगलावर दोन पानं लिहिली होती. ॲमेझॉननंतर जगातलं सगळ्यात मोठं असं हे जंगल, ते वाचवायला अनेक देश एकत्र येऊन काय करतायत असा तो विषय होता. इतके प्रश्न येतील असं वाटलं नव्हतं, आणि बहुतेक प्रश्न चांगले आहेत, नुसते कुतूहलापोटी विचारलेले नाहीत तर मनाला लागलं म्हणून विचारलेले आहेत. सगळे घेता येत नाहीत, पाच घेतलेत.

प्रश्न : घरात किचनचं फर्निचर करतोय. प्लायच्या दुकानात सांगितलं की हा 'गॅबॉनचा फेस' आहे. तुमचा लेख वाचल्यापासून डोक्यात तेच चाललंय, माझ्या ट्रॉल्यांसाठी तिकडचं जंगल तोडलं जातंय का? (एक वाचक, सांगली)

हो, लाकूड तिकडचंच असणार. प्लायच्या वरचा जो पातळ तांबूस थर असतो ना, फेस म्हणतात तो, त्यासाठी आपल्याकडे वर्षानुवर्षं म्यानमारचं गर्जन हे लाकूड वापरायचे. म्यानमारने एप्रिल २०१४ पासून ओंडके बाहेर पाठवणं बंद केलं, मग आपले प्लायवाले दुसरीकडे शोधायला लागले आणि काँगो खोऱ्यातल्या गॅबॉन या देशातल्या ओकुमे या झाडापाशी पोचले. गॅबॉनने तर त्याआधीच, २०१० ला, कच्चे ओंडके बाहेर विकणं बंद केलेलं, म्हणजे ज्याला लाकूड पाहिजे त्याने इथे येऊन कारखाना टाका आणि इथल्या माणसांना काम द्या. लिब्रव्हिल या राजधानीजवळच्या न्कोक औद्योगिक वसाहतीत म्हणून आज भारतीय कंपन्यांचे कारखाने आहेत, तिथे ओकुमे सोलून त्याचे कागदासारखे थर काढतात आणि ते जहाजाने आपल्याकडे येतात.

आता तुमचा खरा प्रश्न. झाड तोडणं आणि जंगल तोडणं यात फरक आहे, आणि हा फरक तिथे खूप महत्त्वाचा आहे. नियम पाळून तोड केली तर एका हेक्टरमधून एखाद-दोन मोठी झाडं काढतात आणि मग त्या तुकड्याला पंचवीस-तीस वर्षं हात लावत नाहीत. गॅबॉनच्या साधारण ८८ टक्के जमिनीवर आजही जंगल आहे, आणि तिथे लाकडाचा धंदा काही कालपरवा सुरू झालेला नाही. पण तोडीसाठी रस्ता पाडला की त्या रस्त्याने फक्त ट्रक जात नाही, मागून शिकारी पण येतो, हस्तिदंतवाला येतो, रानातलं मांस शहरात नेऊन विकणारा येतो. झाड परत उगवतं, रिकामं झालेलं जंगल लवकर भरत नाही. आणि कागदावरचे नियम आणि जागेवरचं काम यातलं अंतर आपल्याला नवीन नाही. २०१९ मध्ये गॅबॉनच्या बंदरातून केवाझिंगो या तोडायलाच बंदी असलेल्या झाडाच्या लाकडाचे साडेतीनशेच्या वर कंटेनर गायब झाले होते, त्यात वनमंत्र्यांना जावं लागलं.

अजून एक. एकट्या गॅबॉनने ओंडके बंद केले तर खरेदीदार शेजारच्या देशात जातो, म्हणून त्या भागातल्या देशांनी मिळून बंदी आणायचं ठरवलं, पण तारीख पुढे ढकलली. मला तरी वाटतं सगळ्यात जास्त जोर इथे लावायला पाहिजे.

तुम्ही काय करायचं? दुकानात आपण ३०३ का ७१० (प्लायचा ग्रेड) हे विचारतोच, तसंच एफएससी, म्हणजे जंगल नीट राखून काढलेल्या लाकडाचं प्रमाणपत्र, आहे का तेही विचारा. नुसतं 'हो हो आहे' यावर जाऊ नका, माल एफएससीचा म्हणून विकला तर बिलावर त्याचा सर्टिफिकेट नंबर यायला पाहिजे. बहुतेक दुकानदार गोंधळतील, तरी विचारा, दहा गिऱ्हाइकांनी विचारलं की अकराव्याच्या वेळी तो नंबर शोधून ठेवतो.

प्रश्न : आमच्याकडे पेंच आहे, अर्धं महाराष्ट्रात अर्धं मध्य प्रदेशात. दोन राज्यांचं जमवताना काय होतं ते बघतो आम्ही. तिकडे तर तीन देश म्हणता, ते कसं चालतं? (एक शिक्षक, नागपूर)

सर, उदाहरण अगदी नेमकं दिलंत. कॅमेरून, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक आणि काँगो (हा ब्राझाव्हिल राजधानीवाला काँगो, किन्शासा राजधानीवाला मोठा काँगो वेगळा) या तिघांच्या सीमा सांघा नदीच्या काठाने एकमेकांना भिडतात आणि तिथे तिघांची तीन राष्ट्रीय उद्यानं एकमेकांना चिकटून आहेत, लोबेके, झांगा-न्डोकी आणि नुआबाले-न्डोकी. हत्ती आज एका देशात झोपतो आणि उद्या दुसऱ्या देशात पाणी पितो. शिकाऱ्याला हे बरोबर कळलेलं होतं, इकडे मारायचं आणि नदी ओलांडून तिकडे जायचं, मागे लागलेला गार्ड सीमेवर थांबणार. डिसेंबर २००० मध्ये तिन्ही देशांनी करार केला, गस्त एकत्र घालायची, माहिती एकमेकांना द्यायची, गार्डना पलीकडे जाता यायला पाहिजे. २०१२ मध्ये हे सगळं मिळून, साधारण साडेसात हजार चौरस किलोमीटर, युनेस्कोच्या जागतिक वारशात गेलं. तीन देश मिळून एक वारसा.

पैशाचं काय केलं तेही सांगतो, कारण मला त्यातलं हेच सगळ्यात जास्त पटतं. परदेशी मदतीचं दुखणं असं की प्रोजेक्ट तीन वर्षांचा असतो, चौथ्या वर्षी गार्डचा पगार थांबतो. म्हणून २००७ मध्ये त्यांनी एक फाउंडेशन काढलं, त्यात जर्मनी, फ्रान्सचे पैसे मुद्दल म्हणून टाकले, आणि त्यावर मिळणारं उत्पन्न दरवर्षी उद्यानांना जातं, मुद्दल तसंच राहतं. आपल्या आजोबांनी देवळाच्या दिवाबत्तीसाठी बँकेत ठेव ठेवावी तसं. त्यात जर्मनीतल्या एका बिअर कंपनीच्या मोहिमेचे पण पैसे आहेत, एक क्रेट घेतला की एक चौरस मीटर जंगल वाचवायला पैसे द्यायचे अशी ती मोहीम होती.

आणि काही वेळा कंपनीनेही पाऊल मागे घेतलंय. नुआबाले-न्डोकीला लागून गुआलुगो म्हणून एक त्रिकोणी पट्टा होता, तोडीचा हक्क एका लाकूड कंपनीकडे होता. तिथल्या चिंपांझींनी माणूस पाहिलेलाच नव्हता, संशोधक दिसले की पळायच्या ऐवजी ते जवळ येऊन बघत बसायचे. २००१ मध्ये कंपनीने तो पट्टा सोडायचं मान्य केलं.

पण सगळं गोड नाही. मे २०१३ मध्ये मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात बंडखोरांनी सत्ता घेतलेली, सरकार म्हणून काही उरलंच नव्हतं, तेव्हा हत्यारबंद लोक झांगाच्या मोकळ्या मैदानात शिरले, हत्ती बघायला बांधलेल्या मचाणावर चढले आणि तिथूनच गोळ्या झाडल्या. २६ हत्ती गेले. करार होता, फाउंडेशन होतं, युनेस्कोचा शिक्का होता. म्हणून मी म्हणतो की करार हा पाया आहे, पण त्यावर रोज उभा राहणारा माणूस लागतो, आणि त्याच्या मागे एक चालतं सरकार लागतं. नंतर माणसं परत आली, पुढच्या काही महिन्यांत हत्तीही परत आले.

प्रश्न : एवढे पैसे आणि एवढ्या परिषदा, पण तिथलेच लोक जंगल जाळून शेती करतात ना? त्यांना कोण थांबवणार? (एक वाचक, कणकवली)

दादा, हा प्रश्न खूप जणांनी विचारलाय, तुम्ही सरळ विचारलात म्हणून घेतला. आकडा तुमच्या बाजूने आहे असं वाटेल, २००० ते २०१४ या काळात काँगो खोऱ्यात जंगलाचं जे नुकसान झालं त्यातलं ८४ टक्के छोट्या, हाताने केलेल्या शेतीमुळे होतं असं उपग्रहाच्या फोटोंवरून निघालं. पण तुम्ही कोकणातले, तुमच्या आजी-आजोबांना कुमरी माहिती असेल. तुकडा तोडायचा, जाळायचा, दोन-तीन वर्षं पिकवायचं आणि मग सोडून द्यायचं, जमीन परत रानाकडे जाते. माणसं कमी आणि रान भरपूर असेल तोवर हे बसतं. माणसं वाढली, सोडलेल्या तुकड्यावर लवकर परत यावं लागलं, की रान उभंच राहत नाही. त्यात किन्शासासारखं दीड कोटीच्या वर माणसांचं शहर, तिथे घरोघरी चूल लाकडी कोळशावर, मकाला म्हणतात त्याला, पोती भरून रोज शहरात येतो. त्या चुलीपुढच्या बाईला गॅस परवडत नाही, वीज येत नाही, तिला 'जंगल वाचवा' कुठल्या तोंडाने सांगणार?

थांबवायचं नाही दादा, दुसरी सोय द्यायची. आणि जमिनीवर हक्क द्यायचा. किन्शासाच्या काँगोने २०१४ ला असा हुकूम काढला की गावाला ५०,००० हेक्टरपर्यंत जंगल स्वतःच्या ताब्यात घेता येईल. आपल्या गडचिरोलीच्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला तेव्हा लोक काय म्हणत होते आठवा, गावाच्या हातात दिलं तर संपवतील. संपवलं नाही.

इथे एक कडू गोष्ट लिहिणं भाग आहे. संरक्षणाच्या नावाखाली तिथल्या बाआकासारख्या, पिढ्यानपिढ्या जंगलात राहणाऱ्या लोकांवर गार्डनी अत्याचार केलेत, मारहाण केली, त्यांच्याच रानातून हाकललं. परदेशी पैशावर पगार घेणाऱ्या गार्डनी केलंय हे. मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकातल्या झांगा-सांघा जंगलातल्या बायांगा गावात आता मानवी हक्क केंद्र आहे, तिथे बाआका माणूस जाऊन गार्डविरुद्ध तक्रार नोंदवू शकतो. अशी केंद्रं प्रत्येक उद्यानाच्या दारात पाहिजेत, आणि पैसे देणाऱ्या देशांनी ती अट म्हणून घालायला पाहिजे.

प्रश्न : एमपीएससी करतेय. कोमिफाक, सीबीएफपी, काफी, सगळ्यांची खिचडी होते. एकदा सोप्पं करून सांगा ना. आणि खरंच पैसे मिळतात का त्यांना? (एक विद्यार्थिनी, पुणे)

कोमिफाक हा मध्य आफ्रिकेच्या जंगलांसाठीचा आयोग, म्हणजे तिथल्या देशांचं स्वतःचं घर. मार्च १९९९ मध्ये कॅमेरूनच्या राजधानीत, याउंदेला राष्ट्रप्रमुख भेटले, जाहीरनामा झाला, २००५ मध्ये ब्राझाव्हिलला रीतसर तह झाला, १० देश त्यात आहेत, ऑफिस याउंदेला. सीबीएफपी ही काँगो खोऱ्याच्या जंगलासाठीची भागीदारी, म्हणजे पाहुण्यांसकट बैठक, २००२ च्या जोहान्सबर्ग परिषदेत सुरू झाली, यात देणारे देश, संस्था, कंपन्या सगळे, आणि समन्वयाचं काम आळीपाळीने एकेका देशाकडे जातं. काफी हा मध्य आफ्रिकेच्या जंगलांसाठीचा निधी, २०१५ चा, ही तिजोरी, यात सगळ्यात जास्त पैसा नॉर्वेचा. घर, बैठक, तिजोरी, एवढं लक्षात ठेव.

पैसे मिळतात, पण आश्वासन आणि चेक यात वेळ जातो. २०१९ ला काफीमार्फत गॅबॉनशी दहा वर्षांसाठी १५ कोटी डॉलरचा करार झाला, जंगल राखलं, कार्बन कमी सोडला हे मोजून दाखवा आणि पैसे घ्या, आणि २०२१ मध्ये १.७ कोटी डॉलरचा पहिला हप्ता मिळाला. आफ्रिकेत असं पहिल्यांदाच झालं. त्याच वर्षी ग्लासगोच्या हवामान परिषदेत काँगो खोऱ्यासाठी २०२५ पर्यंत किमान १५० कोटी डॉलरचं वचन दिलं गेलं. ऐकायला मोठं, पण एवढ्या देशांत, पाच वर्षांत वाटून बघ. आणि ज्याने जंगल तोडलंच नाही त्याला या हिशोबात कमी मिळतं, कारण 'कमी केलं' हे दाखवायला आधी जास्त तोडलेलं असावं लागतं. गॅबॉन हेच सारखं सांगत आलंय आणि मला त्यांचं म्हणणं बरोबर वाटतं.

मुलाखतीत विचारलं तर हेही सांग की कार्बन फक्त झाडात नाही. दोन्ही काँगोंच्या मधल्या दलदलीत हजारो वर्षांचा अर्धवट कुजलेला पालापाचोळा साठलाय, पीट म्हणतात, २०१७ मध्ये ब्रिटिश आणि काँगोच्या शास्त्रज्ञांनी गुडघाभर चिखलात चालून, गज खुपसून खोली मोजून त्याचा नकाशा काढला. १,४५,५०० चौरस किलोमीटर, म्हणजे जवळपास अर्धा महाराष्ट्र, आणि त्यात सुमारे ३,००० कोटी टन कार्बन. ओला आहे तोवर सुरक्षित, वाळला की जळतो. इंडोनेशियाने हे भोगलंय, म्हणून मार्च २०१८ मध्ये दोन्ही काँगो आणि इंडोनेशिया यांनी ब्राझाव्हिलला एकत्र जाहीरनामा केला. तरी २०२२ मध्ये मोठ्या काँगोने तेलासाठी लिलाव काढला, त्यातले काही ब्लॉक याच दलदलीवर होते. ऑक्टोबर २०२४ ला तो लिलाव रद्द झाला. गरीब देशाला तेल सोडायला सांगायचं असेल तर त्याची भरपाई कोण देणार, हा प्रश्न काही त्यामुळे सुटला नाही.

प्रश्न : मी आठवीत आहे. हत्ती जंगलात मीठ खायला येतात हे खरं आहे का? (कराड)

खरं आहे बाळा. झांगा बाय म्हणून जागा आहे, बाय म्हणजे घनदाट जंगलातली उघडी जागा, मधून ओढा वाहतो आणि खाली वाळू. त्या मातीत क्षार असतात. हत्ती खड्ड्यात सोंड खोल घालतो, एवढी खोल की डोकं जवळजवळ टेकतं, आधी जोरात फुंकून वाळू बाजूला करतो आणि मग खालचं खारट पाणी ओढून घेतो. हे जंगली हत्ती आपल्या सिनेमात दिसणाऱ्या आफ्रिकन हत्तींपेक्षा लहान, कान गोलसर आणि दात सरळ खाली गेलेले. चांगला खड्डा मिळाला की मोठा नर तो सोडत नाही, पिल्लं बाजूला उभी राहून वाट बघतात, आणि तो हलला की सगळी एकदम आत घुसतात. एका वेळी पन्नास-साठ, कधी शंभर सुद्धा असतात. रात्री आणखी येतात, अंधारात दिसत नाहीत, फक्त फुंकर आणि पाण्याचा आवाज ऐकू येतो.