हाड जुळलं, सायकल अजून भिंतीलाच

पावसाळा संपत आला की आमच्या क्लिनिकमध्ये दोन प्रकारची माणसं येतात : दहीहंडीत पडलेली आणि सायकलवरून पडलेली. दहीहंडीवाले निदान खरं सांगतात. सायकलवाले हात गळ्यात अडकवून येतात आणि म्हणतात, "जरासं घसरलो." या वेळी डोंगरातल्या सायकलिंगवर इतकी पत्रं आली, की गुडघे-कंबरवाल्यांना पुढच्या अंकापर्यंत थांबावं लागेल. रागावू नका, तुमची कंबर कुठे पळून जात नाही.

प्रश्न : ताई, वय ३६, साताऱ्यात बँकेत नोकरी. दर रविवारी यवतेश्वरच्या अंगाला माउंटन बाइक घेऊन जातो. सात आठवड्यांपूर्वी ओल्या जांभ्यावर पुढचं चाक सरकलं आणि उजव्या खांद्यावर आपटलो. कॉलरबोनचे तीन तुकडे झाले. प्लेट आणि स्क्रू टाकलेत. परवाचा एक्स-रे बघून डॉक्टर 'चांगलं जुळतंय' म्हणाले. ब्रिटनचा सायकलपटू टॉम पिडकॉक कॉलरबोन मोडल्यावर आठ आठवड्यांत ऑलिंपिक जिंकला, मग मी ट्रेलवर, म्हणजे डोंगरवाटेवर, का जाऊ नये? प्लेटखालची कातडी बधिर आहे, ते काय? आणि लिहायला लाज वाटते, पण गेल्या रविवारी कॉलनीतल्या साध्या उतारावरही माझा हात ब्रेक सोडेना.

उत्तर : पिडकॉकचं खरं आहे. मे २०२१ च्या अखेरीस सरावात गाडीची धडक बसून त्याची कॉलरबोन मोडली, लगेच ऑपरेशन झालं आणि २६ जुलैला टोकियो ऑलिंपिकच्या माउंटन बाइक क्रॉस-कंट्री शर्यतीत त्याने सुवर्ण घेतलं. पण तो २१ वर्षांचा होता, सायकल हाच त्याचा धंदा, आणि मदतीला अख्खी टीम. तुमच्या दिमतीला कॅश काउंटर आणि मार्चएंड. शिवाय त्याने पत्करलेला धोका ऑलिंपिकसाठी होता. तुमचा रविवार दर आठवड्याला येतो.

आता हाडाचं. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत मोडलेल्या टोकांमध्ये मऊ, कुर्च्यासारखा सांधा धरतो. मग हळूहळू त्यात चुना भरत जातो आणि साधारण सहा ते बारा आठवड्यांत हाड रोजच्या कामाला पुरेल इतकं जुळतं. आतून पूर्वीसारखी घडण व्हायला मात्र कित्येक महिने जातात. प्लेट त्या काळात टेकू देते, म्हणून तुम्हाला बरं वाटतंय. त्या टेकूवर पुन्हा जोरात पडलात, तर प्लेट वाकते किंवा तिच्या कडेला हाड नव्याने मोडतं, आणि ते दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा किचकट. त्यामुळे खडबडीत उतार तीन महिन्यांच्या आधी नको, आणि नंतरही सर्जनने नवा एक्स-रे बघून होकार दिला तरच. घरात ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी पेडल मारायच्या स्टँडवर, लावलेली सायकल आत्ताही चालेल, सर्जनना विचारून.

बधिरपणाने घाबरू नका. त्वचेला जाणीव देणाऱ्या बारीक नसा कॉलरबोनवरूनच खाली उतरतात आणि चीर देताना त्यातल्या काही दुखावतात किंवा तुटतात. बधिर जागा महिन्यामहिन्याने आक्रसते, थोडी कायमची राहूही शकते. पाठीवरच्या सॅकचा पट्टा मात्र नेमका प्लेटवर घासतो. काही दिवस पाण्याची बाटली फ्रेमला लावा.

हे सगळं अधिकाराने सांगतेय, पण मीच माझी सगळ्यात वाईट पेशंट होते. २०१७ च्या ऑक्टोबरात वेताळ टेकडीवरून पाषाणच्या बाजूला उतरताना मुरमावर माझं पुढचं चाक गेलं. डावी कॉलरबोन. वाळकं बोंबील मोडावं तसा आवाज झाला, आणि तो मला कानाने नाही, दातांत ऐकू आला. माझी टोकं फार सरकली नव्हती, त्यामुळे ऑपरेशन टळलं, सहा आठवडे झोळी. त्या सहा आठवड्यांत कळलं की दिवसभर मी पेशंटना जे 'सोपं' म्हणून सांगते, त्यातलं काहीच सोपं नसतं. ब्लाउजचा हुक. पोळपाट धरून ठेवणं. केस बांधणं. नवऱ्याने माझी वेणी घातली. ती उजवीकडे सुरू होऊन डावीकडे संपायची. तो तसाच मला क्लिनिकला सोडायचा आणि मी तशीच पेशंट बघायचे.

झोळी सुटल्यावर दाराच्या वरून दोरी टाकून चांगल्या हाताने दुखरा हात वर ओढायचा व्यायाम असतो. इतरांना मी तो दिवसातून तीनदा सांगते. स्वतः एकदा करायचे, तेही चहा उकळेपर्यंत. परिणाम असा की जानेवारीत माझं हाड पक्कं होतं आणि हात कानाच्या वर जात नव्हता. एक्स-रे हाडाचा असतो. खांदा, मनगट, फऱ्याचे स्नायू त्यात दिसत नाहीत, आणि उतारावर हँडल धरून ठेवायचं काम तेच करतात.

म्हणून तुमच्यासाठी माझी परीक्षा अशी. दोन्ही हात कानाला लागतात का? त्या कुशीवर रात्रभर झोप येते का? भिंतीवरचे जोर, मग ओट्यावरचे, मग जमिनीवरचे, असं उतरत आलात का? कोपरं टेकून तीस सेकंद प्लँक धरल्यावर दोन्ही खांदे सारखेच थकतात का? हे जमलं की सपाट डांबरी रस्ता, मग खडीचा रस्ता, मग ट्रेलचा फक्त चढ. उतार शेवटी. उतरताना सायकल हाताने ढकलत आणावी लागली तरी चालेल, लोक हसतील, हसू देत.

आणि लाजेची गोष्ट म्हणता ती. ब्रेक न सोडणारा हात भित्रा नाही, पण धोकादायक आहे, हे मात्र खरं. घाबरलेला माणूस अंग मागे टाकतो. पुढच्या चाकावरचं वजन कमी होतं, त्यात त्याने पुढचा ब्रेक आवळलेला असतो, आणि हलकं झालेलं चाक मुरमावर अडकून सरकतं. म्हणजे जिची भीती, तीच गोष्ट घडते. एखाद्या मैदानात गवताचा लहानसा उतार शोधा. टाचा खाली, कोपरं बाहेर, ब्रेकवर एकच बोट, नजर चाकापुढे नाही तर दहा-पंधरा फुटांवर. वीसदा उतरा. कंटाळा येईपर्यंत उतरा, कारण कंटाळा आला की हात आपोआप सैल पडतो. मग तुमच्या त्या जांभ्याच्या जागी जा, पण पहिल्यांदा पायी. जगातल्या भल्याभल्यांना हे सांगावं लागतं : पिडकॉक जिंकला त्याच शर्यतीत डच सायकलपटू मॅथ्यू व्हान डर पूल एका मोठ्या खडकावरून उलटून पडला, कारण सरावाच्या वेळी तिथे असलेली फळी शर्यतीतही असेल असं त्याने धरून चाललं होतं.

मी माझ्या जागेवर मे महिन्यात गेले. दोनदा सायकल धरून चालत उतरले. तिसऱ्यांदा बसले आणि निम्म्यात पाय टेकला. चौथ्यांदा उतरले. खाली एक काका भुभू फिरवत होते, त्यांनी विचारलं, "पडलात का?" मी रडत होते म्हणून.

प्रश्न : माझा तेरा वर्षांचा मुलगा मित्रांबरोबर इथल्या टेकडीवर सायकल घेऊन गेला आणि पडला. खरचटलं फारसं नाही, पण हँडलचं टोक पोटात लागून बेंबीच्या वर डावीकडे एक गोल वण उठलाय. जेवतोय, खेळतोय. दवाखान्यात न्यावं का? — एक आई, संगमनेर

उत्तर : तुमचं पत्र हाती यायला नऊ दिवस लागले, म्हणून आधी फोन केला आणि उत्तर आता लिहितेय. तोवर तुम्ही सोनोग्राफी करून आणली होती आणि ती स्वच्छ होती, हे ऐकून मी खुर्चीत टेकले. तरीही उत्तर छापतेय, कारण अशा आया अनेक आहेत.

पोळी लाटून त्यावर वाटी दाबली की गोल पुरी निघते. रबरी बूच निघून गेलेलं हँडलचं टोक पोटावर तेच करतं. सगळा जोर रुपयाएवढ्या जागेवर येतो. कातडी लवचिक असल्यामुळे फाटत नाही, आणि आत प्लीहा, यकृत, स्वादुपिंड किंवा आतडं पाठीच्या कण्यावर चेपलं जातं. म्हणून वण जितका छोटा आणि गोल, तितकी मी जास्त दचकते. मुलं जेवतात, खेळतात, आणि त्रास काही तासांनी, कधी दोन-तीन दिवसांनीसुद्धा वर येतो. पोटात दुखणं वाढत जाणं, उलट्या, चेहरा पांढरा पडणं, चक्कर, लघवीत रक्त, ताप, आणि काही न लागता डावा खांदा दुखणं. हे शेवटचं फार फसवं. प्लीहेतून रक्त येऊन वरचा श्वासाचा पडदा चुरचुरला की दुखणं खांद्यात कळतं, आणि घरचे खांद्याला बाम चोळत बसतात.

वण दिसला की त्याच दिवशी दाखवायचं. बऱ्याचदा मुलांना ऑपरेशन लागतही नाही, नुसतं दवाखान्यात ठेवून लक्ष ठेवतात आणि काही आठवडे दंगामस्ती बंद करतात. स्वित्झर्लंडच्या माउंटन बाइकर योलांडा नेफची प्लीहा डिसेंबर २०१९ मध्ये सरावात पडून फाटली होती, शिवाय फुप्फुसाला इजा. तिने टोकियो ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकलं, तेही त्याआधी सहाएक आठवड्यांपूर्वी हाताचं हाड मोडलेलं असताना. पण तिला त्याच दिवशी दवाखान्यात नेलं होतं.

हँडलची बुचं सायकलच्या दुकानात अगदी किरकोळ किमतीत मिळतात. आज बसवा.

प्रश्न : मी २२ वर्षांचा, नाशिक. अंजनेरीच्या बाजूला ट्रेलवर पडलो, तळहात टेकला. एक्स-रे नॉर्मल आला, 'मुरगळलंय' म्हणून क्रेप बँडेज दिलं. तीन आठवडे झाले, ब्रेक दाबताना अंगठ्याच्या मुळाशी दुखतं. आत्या म्हणते गावच्या हाडवैद्याकडे चोळून घे. जाऊ का?

उत्तर : आधी एक कर. अंगठा वर ताण. मनगटाशी अंगठ्याच्या बाजूला दोन दोऱ्यांमध्ये एक खळगा पडेल. जुन्या डॉक्टरांनी तपकिरीवरून त्याला नाव दिलंय, कारण चिमूटभर तपकीर तिथे मावते. त्या खळग्यात बोट दाबल्यावर कळ आली, तर हे पान बाजूला ठेव आणि हाडांच्या डॉक्टरांची वेळ घे.

तिथे आत स्कॅफॉइड नावाचं काजूएवढं, काजूच्याच आकाराचं हाड असतं. पडताना तळहात टेकला की ते तडकतं, आणि पहिल्या दिवसाच्या एक्स-रेत तडा अनेकदा दिसतच नाही. म्हणून दहा-चौदा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढायचा असतो, किंवा सीटी नाहीतर एमआरआय. या हाडाचा रक्तपुरवठा उलटा आहे. रक्त बोटांकडच्या टोकातून शिरतं आणि मागे मनगटाकडे जातं. मध्ये तडा गेला की मागच्या तुकड्याचं पाणीच तुटतं. तो तुकडा हळूहळू मरू शकतो, आणि मग तिशी-पस्तिशीतच मनगट म्हाताऱ्यासारखं कुरकुरतं. वेळेत कळलं तर दोन-तीन महिने प्लास्टर किंवा एक बारीक स्क्रू, एवढ्यावर भागतं.

आत्याला सांग, चोळणं नको. हाडवैद्यांच्या हाताला अनुभव असतो, मी नाकारत नाही. पण न दिसलेल्या तड्यावर जोरात चोळलं की तुकडे सरकतात. कोपराच्या बाबतीत तर मार लागल्यावर जबरदस्तीने चोळून स्नायूतच हाड तयार झालेले पेशंट माझ्याकडे येतात, आणि तो हात पुन्हा सरळ करताना त्यांचाही जीव जातो, माझाही. आणि तंबाखू-सिगरेट असेल तर ती थांबव. निकोटीनने हाडाकडे जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, हाड जुळायला उशीर लागतो.

प्रश्न : पेडलच्या खिळ्यांनी नडगी सोलली गेली. हळद भरली आहे. चालेल ना? — चिपळूण

उत्तर : हळद भाजीत. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा, आतली माती-खडी निघेपर्यंत. राहिली तर कातडीखाली गोंदल्यासारखा काळा डाग कायमचा राहतो. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं, आठवत नसेल तर आजच विचारा. हाड दिसत असेल तर हे वाचत बसू नका.

प्रश्न : पन्हाळ्याकडे पडलो, मला काही झालं नाही, हेल्मेटला मागे केसाएवढी चीर गेली. तीन हजारांचं आहे. फेव्हिक्विकने चिकटवून वापरू का? — कोल्हापूर

उत्तर : नाही. आतला फोम थर्माकोलच्याच जातीचा असतो. तो एकदाच चेपायचा आणि तेवढ्यात धक्का पिऊन टाकायचा, हेच त्याचं काम. चेपलेली जागा परत फुगत नाही. चीर वरून केसाएवढी दिसते, आत किती दबलंय ते तुम्हाला दिसणार नाही.

पण तुम्ही हेल्मेटबद्दल विचारलंत, डोक्याबद्दल नाही. चीर पडेल इतका मार बसलाय. पडल्यानंतरची पहिली दोन मिनिटं आठवतात का? डोकं जड, उजेड नकोसा, नेहमीच्या हिशेबात गोंधळ, झोपेचा विचका, उगाच चिडचिड, यातलं काही असेल तर तो मेंदूला बसलेला हादरा आहे. त्यासाठी बेशुद्धच पडावं लागतं असं नाही. एक-दोन दिवस विश्रांती, मोबाइल कमी. मग चालणं, मग घरातली सायकल, मग सपाट रस्ता, प्रत्येक पायरीला किमान एक दिवस, आणि लक्षणं वाढली की एक पायरी मागे. ट्रेल डॉक्टरांनी बघितल्यावरच. वाढती डोकेदुखी, वारंवार उलटी, जीभ जड होणं, हातापायात मुंग्या किंवा जागं करूनही नीट न उठणं, यातलं काहीही दिसलं तर रात्री दोन वाजता का होईना, दवाखाना गाठायचा. घरच्यांना हे वाचायला द्या, कारण तुम्ही 'मला काही झालं नाही' असंच म्हणत राहाल.

हेल्मेट टाकताना त्याचे पट्टे कात्रीने कापा. मी नव्हते कापले. दुसऱ्या दिवशी इस्त्रीवाल्याचा मुलगा माझं फुटकं हेल्मेट घालून सोसायटीच्या उतारावरून सुसाट खाली येताना दिसला, आणि खुशीत मला हात करत होता, दोन्ही हात सोडून.