बरोक काळातला (युरोपात साधारण इ.स. 1600 ते 1750) संगमरवरी अर्धपुतळा बाकसचाच आहे हे कसं ओळखायचं?

आधी डोकं बघा. बाकस, म्हणजे रोमनांचा मद्याचा देव, ग्रीकांचा डायोनायसस, म्हटला की केसांत द्राक्षाची पानं, घोस नाहीतर आयव्हीचा वेल बहुतेक असतोच. कधी कपाळावरून रुंद फीत गेलेली असते. खांद्यावर बिबट्याचं किंवा हरणाचं कातडं दिसलं तर आणखी बळकटी. मग कान तपासा: टोकदार असतील तर तो त्याच्या टोळीतला सॅटर, म्हणजे अर्धा माणूस, अर्धा पशू असा रानातला जीव. टक्कल, नकटं नाक आणि दाढी असेल तर त्याचा म्हातारा गुरू सायलीनस.

काळ ठरवणं खरं अवघड. बुबुळं कोरलेली आहेत म्हणजे बरोक, असं समजू नका. रोमन शिल्पकार सम्राट हेड्रियनच्या काळापासून, साधारण इ.स. 130 पासून, तेच करत होते. मी तरी पानांकडे बघतो. रोमच्या बोर्गेझे गॅलरीत बरोक शिल्पकार बर्निनीचं 'अपोलो आणि डॅफ्नी' (1622–25) हे शिल्प आहे, त्यात डॅफ्नीचं झाड होताना दिसतं. त्यातली पानं कोरण्यात त्याचा सहायक फिनेल्लीचा हात होता, आणि ती इतकी पातळ आहेत की हा दगड आहे यावर विश्वास बसत नाही. तशी मोकळी सुटलेली पानं, त्यांच्यामागे ड्रिलनं पोखरलेला काळोख, विलग ओठ आणि झटकन वळलेली मान एकत्र दिसली, तर बरोक म्हणायला हरकत नाही.

फक्त नाक आणि मानेवरचे सांधे बारकाईनं पाहा. बर्निनी, अल्गार्दी यांच्यासारखे शिल्पकार तेव्हा मोडक्या रोमन मूर्तींना नवे अवयव जोडून देत, त्यामुळे एकाच पुतळ्यात दोन्ही काळ सापडू शकतात.