मेकअप रूममधून बाहेर ये

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. दिग्दर्शन शिकायचंय म्हणून हातातली मालिका सोडावी का, असं विचारतेस. सोडू नकोस. रोजच्या त्याच सेटला आणि त्याच भूमिकेला कंटाळली आहेस, हे कळतं. पण मला अमेरिकी नट अ‍ॅलन आल्डा आठवतो.

१९७२मध्ये ‘मॅश’ ही टीव्ही मालिका सुरू झाली तेव्हा तो ३६ वर्षांचा होता. कोरियन युद्धातलं अमेरिकी लष्करी इस्पितळ आणि त्यातला हा सर्जन, हॉकाय पियर्स. ११ वर्षं तो त्याच तंबूत राहिला. तिथेच त्याने ३०हून जास्त भाग दिग्दर्शित केले आणि काही लिहिलेही. अभिनय, लेखन, दिग्दर्शन, या तिन्हींसाठी एकाच मालिकेवर एमी, म्हणजे अमेरिकी टीव्हीचा मोठा पुरस्कार, मिळवणारा तो पहिला. १९७९ला लेखनाचा पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा मंचाकडे जाताना गड्याने चक्क हातांवर कोलांटी मारली! २८ फेब्रुवारी १९८३चा शेवटचा भागही त्यानेच दिग्दर्शित केला. अमेरिकेत दहा कोटींहून जास्त लोकांनी तो पाहिला.

मला मात्र पुरस्कारांपेक्षा त्या सेटवरच्या खुर्च्या महत्त्वाच्या वाटतात. लायटिंग चालू असताना ही मंडळी आपापल्या खोल्यांत जात नसत. खुर्च्या गोल मांडून बसायचे, थट्टामस्करी करायचे, मध्येच लाइन्स म्हणायचे. त्याच गप्पांच्या ओघात उठून कॅमेऱ्यासमोर जायचे. पडद्यावर त्यांचं एकमेकांशी जे नातं दिसतं, ते त्या खुर्च्यांवर जमलेलं आहे, असं आल्डा सांगत आलाय. तुझ्याकडे शॉट लागेपर्यंतचा तो वेळ रोज आहे. तू तो मोबाइल घेऊन मेकअप रूममध्ये घालवतेस.

पुढे त्याने विज्ञानावरचा एक कार्यक्रम केला, शास्त्रज्ञांशी भरपूर बोलला. मग २००९मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या स्टोनी ब्रुक विद्यापीठात शास्त्रज्ञांना सोपं बोलायला शिकवणारं केंद्र उभारायला मदत केली. तिथे त्याने नटांचे उत्स्फूर्त अभिनयाचे खेळ नेले. त्यातला एक आरशाचा. दोघं समोरासमोर उभे राहतात. एक हालचाल करतो, दुसरा त्याच क्षणी त्याचं प्रतिबिंब होतो. आता नीट वाच: दुसरा मागे पडला, तर जबाबदारी पहिल्याची. त्याने इतकं बघून, इतक्या बेताने हलायचं की समोरच्याला आपल्याबरोबर येता यावं.

हे मला तिशीत कुणी सांगायला हवं होतं. मी तालमीत नटांवर ओरडायचो. ते मागे पडले की चूक त्यांचीच, अशी माझी खात्री असे. एक गुणी मुलगी त्यामुळे नाटक सोडून गेली. तिचा चेहरा अजून डोळ्यांसमोर येतो.

म्हणून कॅमेरा, लेन्स हे नंतर. ते सहा महिन्यांत येईल, तुमचा कॅमेरामन आनंदाने शिकवेल. आधी उद्या जिच्याबरोबर तुझा सीन आहे, तिला पाच मिनिटं बाजूला घे आणि हा खेळ खेळ. आधी तू पुढे हो, मग ती. मग दोघींपैकी कुणीच पुढे नको. हे तिसरं सर्वांत अवघड. जमलं की नाही, आणि नेमकं कुठे अडलं, ते मला सविस्तर कळव. रविवारी मी घरीच आहे, फोनऐवजी ये.

तुझा,
काका