दारूचा थेंब नाही, तरी पॅन्क्रियाजमध्ये (स्वादुपिंडात) खडे!

प्रश्न: भावाला ३२व्या वर्षी क्रॉनिक पॅन्क्रियाटायटिस (पॅन्क्रियाजची जुनाट सूज) निघाला, दारू कधीच नाही. डॉक्टर जीन टेस्ट करा म्हणतात. मलापण होणार का?

उत्तर: ताई, लगेच धसका घेऊ नका. आपल्याकडे अशा पेशंटमध्ये बऱ्याचदा स्पिंक-१ जीनमधला बदल सापडतो, या जीनचं काम म्हणजे ट्रिप्सिनला, म्हणजे प्रोटीन पचवणाऱ्या एन्झाइमला, आवरणं, ते नीट झालं नाही तर ट्रिप्सिन आतड्यात पोचायच्या आधीच पॅन्क्रियाजलाच पचवायला लागतं. पण हा बदल असूनही कित्येकजण आयुष्यभर ठणठणीत असतात! १९९६ साली सापडलेला पीआरएसएस-१चा (ट्रिप्सिन बनवणाऱ्या जीनचा) दोष वेगळा, तो मुलांत उतरायचा चान्स ५० टक्के, पण भारतात क्वचितच दिसतो. आधी भावाची टेस्ट होऊ दे, आणि त्याची सिगरेट असेल तर ती आजच बंद. तुम्हाला पोटात वरच्या बाजूला दुखून पाठीत कळ गेली तर मात्र रक्तातलं लायपेज (पॅन्क्रियाजचं एक एन्झाइम) तपासून घ्या.