उरणच्या गॅस प्लांटजवळ घर घेतलं तर पिण्याच्या पाण्याला धोका असतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: द्रोणागिरीत फ्लॅट पसंत पडलाय, पण गॅलरीतून गॅस प्लांटची ज्योत दिसते, जवळ वायू विद्युत केंद्र आहे, तेलाच्या टाक्या आहेत आणि घरात लहान मूल आहे. या सगळ्यामुळे पिण्याचं पाणी दूषित होईल का, आणि आरओ बसवला की काळजी मिटेल का?

मी बरीच वर्षं पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम केलं आणि नवी मुंबईतच राहते, म्हणून लिहिते आहे. निव्वळ ज्योत पाहून घर नाकारू नका. तिथलं काही तुमच्या नळात उतरण्याची शक्यता फारच कमी आहे. पण तुमच्याच इमारतीच्या पार्किंगमधल्या जनरेटरचं डिझेल नळापर्यंत पोहोचू शकतं, आणि ते पोहोचलं तर आरओच्या भरवशावर राहता येत नाही.

नळाचं पाणी कुठून येतं ते आधी पाहा. द्रोणागिरी आणि उलव्याला सिडको जे पाणी देते ते पेण तालुक्यातल्या हेटवणे धरणाचं. जिते इथल्या केंद्रात ते शुद्ध होतं आणि मग जलवाहिनीने येतं. उरण शहर आणि तिथले कारखाने एमआयडीसीच्या रानसई धरणावर आहेत. बेलापूर ते दिघा या पट्ट्यात महापालिकेचं पाणी खालापूर तालुक्यातल्या मोरबे धरणातून, म्हणजे धावरी नदीचं, भोकरपाड्याला शुद्ध होऊन येतं. ही तिन्ही धरणं डोंगराच्या पायथ्याशी, पावसाच्या पाण्यावर भरणारी. उरणचे प्रकल्प त्यांच्या खाली, थेट समुद्रकाठी. तिथलं सांडपाणी चढ चढून धरणात जात नाही.

बोकडविऱ्याचं वायू विद्युत केंद्र 672 मेगावॅटचं आहे. ते नैसर्गिक वायूवर चालतं, त्यामुळे तिथे राख नाही आणि राखेचे तलावही नाहीत. पाण्याच्या बाजूने अशा केंद्राची काळजी असते ती थंड करण्यासाठी वापरलेल्या पाण्याची, त्यात टाकलेल्या रसायनांची आणि यंत्रं धुतलेल्या तेलकट पाण्याची. हे सगळं नीट प्रक्रिया न होता बाहेर पडलं तर खाडीत जातं. तेलाचंही तेच. 7 ऑगस्ट 2010 रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी एमएससी चित्रा आणि खलिजिया ही जहाजं आदळली, शेकडो टन इंधन तेल सांडलं आणि उरणपासून वाशीपर्यंतच्या खारफुटीला चिकटून बसलं. 3 सप्टेंबर 2019 ला उरणच्या ओएनजीसी प्रकल्पात आग लागली ती पावसाच्या पाण्याचा निचरा करणाऱ्या नाल्यात. चार माणसं गेली. हलकं तेल पाण्यावर तरंगत पावसाच्याच वाटेने कुठवर जातं, हे त्या आगीने दाखवलं. या प्रकल्पांची खरी झळ करंजा-मोऱ्याच्या कोळ्यांना आणि खाडीतल्या मासळीला बसते. त्याबद्दल आपण जितकं बोलायला हवं तितकं बोलत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

म्हणून एक गोष्ट पक्की करा: तिथल्या बोअरचं पाणी प्यायचं नाही, स्वयंपाकालाही वापरायचं नाही. द्रोणागिरी बरीचशी खाजण आणि मिठागरांच्या जागेवर भराव टाकून उभी राहिली आहे. जमिनीखालचं पाणी मुळातच मचूळ. शिवाय आपल्याकडचा काळा पाषाण पाणी वाहून नेतो तो फटींमधून. त्यामुळे एका प्लॉटवर सांडलेलं तेल शेजारच्या बोअरमध्ये येणार नाही पण चार प्लॉट सोडून पलीकडच्या बोअरमध्ये येईल, असं होऊ शकतं. संडासात आणि झाडांना बोअरचं पाणी वापरत असाल तर त्याची पाइपलाइन पिण्याच्या लाइनला कुठेही जोडलेली नाही ना, हे प्लंबरला प्रत्यक्ष दाखवायला सांगा. नुसतं तोंडी सांगितलेलं मान्य करू नका. उन्हाळ्यात पाणी कमी पडलं की कोणीतरी मध्येच एक चावी बसवून दोन्ही लाइन जोडून टाकतं आणि पावसाळ्यात ते विसरलं जातं.

आता डिझेलबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

नवी मुंबईतल्याच एका सोसायटीतून तक्रार आली होती की आंघोळीच्या पाण्याला रॉकेलसारखा वास येतो. तोही फक्त गीझरच्या पाण्याला, आणि रोज नाही. कमिटीचं म्हणणं, वरूनच पाणी खराब येतंय. आम्ही मीटरजवळून, जमिनीखालच्या टाकीतून आणि गच्चीवरच्या टाकीतून वेगवेगळे नमुने घेतले. मीटरजवळचं पाणी स्वच्छ, वास नाही, क्लोरीन व्यवस्थित. म्हणजे जो काही घोळ होता तो फाटकाच्या आतला होता.

जमिनीखालच्या टाकीचं झाकण पार्किंगच्या फरशीच्या अगदी सपाटीला होतं, चौकट गंजलेली, कडेचं रबर कधीच निघून गेलेलं. जनरेटर तिथून थोड्याच अंतरावर, किंचित चढावर. वॉचमन कॅनमधून नरसाळ्याने डिझेल भरायचा, थोडं सांडायचं, त्यावर भुसा टाकायचा. त्या बिचाऱ्याला दुसरं काही साधनच दिलेलं नव्हतं. पाऊस आला की ते सगळं धुऊन उताराने झाकणाकडे. झाकण उचलून आत टॉर्च मारली तर पाण्यावर पातळ रंगीत पापुद्रा सरकताना दिसला, निळा-जांभळा, कडेला पिवळसर.

वास रोज का येत नव्हता, हेही तिथेच उमगलं. तेल वर तरंगतं आणि पंप पाणी तळातून ओढतो. टाकी भरलेली असेपर्यंत पापुद्रा वरच राहतो. पाणी कमी आलं, टाकी तळाला गेली की तो पापुद्रा थेट पंपाच्या तोंडाशी येतो आणि गच्चीवर चढतो. आणि गरम पाण्यात वास आधी जाणवतो, कारण तापवल्यावर डिझेलमधले हलके घटक वाफेबरोबर बाहेर पडतात. म्हणून तुमच्याकडे कधी असा वास आला तर पहिली शंका इमारतीतल्या टाकीवर घ्या. पाणी उकळून हा प्रश्न सुटत नाही, बंद बाथरूममध्ये ती वाफ उलट श्वासात जाते. क्लोरीनही तेलावर चालत नाही, ते जंतूंसाठी आहे.

टाक्या रिकाम्या करून साबणाच्या पाण्याने घासून काढल्या. सिमेंटची टाकी हळूहळू सुधारली. गच्चीवरच्या प्लास्टिकच्या टाकीचा वास मात्र गेला नाही, ती बदलावीच लागली, कारण पॉलिथिलीन असे पदार्थ स्वतःत शोषून धरतं. पॉलिथिलीनच्या पाइपचंही तसंच. पेट्रोल-डिझेल मुरलेल्या जमिनीतून पाइप गेला असेल तर पाइपला एकही भोक नसताना बेन्झिनसारखे घटक भिंतीतून आत झिरपू शकतात. त्यामुळे जनरेटरच्या किंवा डिझेलच्या साठ्याच्या खालून पाण्याची लाइन गेलेली असेल तर ती हलवून घ्यावी, हा खर्च सोसायटीने खुशाल करावा.

विजेचा आणि नळाचा आणखी एक संबंध आहे, त्याकडे फारसं कोणाचं लक्ष जात नाही. पंप थांबला, लाइनमधला दाब गेला, की रिकाम्या पाइपात बाहेरचं पाणी चिरांमधून आत ओढलं जातं. शेजारून गटार वाहत असेल तर गटाराचं. 12 ऑक्टोबर 2020 ला कळवा-पडघा भागातल्या बिघाडाने मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज गेली तेव्हा अनेक इमारतींचे पंपही थांबले. अशा खंडानंतर पहिलं पाणी गढूळ आलं तर ते वाहून जाऊ द्या आणि त्या दिवशी लहान मुलाला उकळून गार केलेलं पाणीच द्या. इथे उकळणं कामाचं आहे, कारण इथे धोका जंतूंचा आहे.

वीजनिर्मितीमुळे पिण्याचं पाणी खरोखर नासतं ते आपल्या नजरेआड. आपल्या घरातली बरीचशी वीज कोळशाची असते आणि भारतीय कोळशात साधारण 30 ते 40 टक्के राख. त्या राखेत आर्सेनिक, शिसं, पारा अशा धातूंचे अंश असतात. जुलै 2022 मध्ये कोराडी वीज केंद्राचा खसाळा इथला राखबंधारा मुसळधार पावसात फुटला. राखेचा चिखल शेतांत गेला, नाल्यांत गेला आणि तिथून कोलार आणि कन्हान नदीत. कन्हानवरून नागपूर शहराला पिण्याचं पाणी जातं. चंद्रपूरला तर एकाच इरई धरणातून वीज केंद्रही पाणी घेतं आणि शहरही. द्रोणागिरीतल्या लिफ्टचा आणि एसीचा भार तिथल्या नद्यांवर आहे, हे माझ्या मनातून जात नाही. सोसायटीत गच्चीवर सौर पॅनेलचा विषय निघाला तर हात वर करा, एवढंच सांगते. लिफ्ट आणि पाण्याच्या पंपापुरती बॅटरी बसवता आली तर जनरेटर आणि त्याचं डिझेल दोन्ही कमी होईल.

उलटही घडतं, हेही सांगायला हवं. कर्जतजवळच्या भिवपुरी जलविद्युत केंद्रातून सुटलेलं पाणी उल्हास नदीत येतं आणि बदलापूर, अंबरनाथपासून ठाण्यापर्यंतच्या लोकांच्या उन्हाळ्यातल्या पाण्यात त्याचा मोठा वाटा असतो. खोपोलीच्या केंद्रातून सुटणाऱ्या पाण्यावर पाताळगंगा उन्हाळ्यातही वाहती राहते. वीज आणि पाणी यांचं नातं दर ठिकाणी वेगळं असतं, म्हणून शेजारी प्लांट आहे एवढ्यावरून निर्णय करू नये असं माझं मत आहे.

आता आरओ. धरणाच्या पाण्याला, शंकेचं काही कारण नसेल तर, त्याची गरज नाही. आपल्याकडच्या धरणांच्या पाण्यात क्षार कमी असतात, टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) लिटरला 500 मिलिग्रॅमच्या कितीतरी खाली. मे 2019 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने टीडीएस 500 पेक्षा कमी असलेल्या ठिकाणी आरओला मनाई करण्याचे निर्देश केंद्र सरकारला दिले, ते उगाच नाही. यंत्र जितकं पाणी शुद्ध करतं त्याहून जास्त मोरीत सोडतं. तेल आलं तर आरओचा पडदा खराब होतो. पडद्याच्या आधी असलेला कोळशाचा फिल्टर थोडं तेल धरतो, पण तो कधी भरला हे बाहेरून कळत नाही. साधा फिल्टर आणि यूव्ही (अतिनील किरणांनी जंतू मारणारं यंत्र) पुरेसं आहे, ते बसवण्याआधी टाकी स्वच्छ हवी. टँकरचं पाणी घ्यावं लागत असेल तर मात्र ते कुठून भरून आणतात हे विचारल्याशिवाय टाकीत सोडू देऊ नका.

टोकन देण्याआधी एकदा भर दुपारी जाऊन जमिनीखालच्या टाकीचं झाकण उघडायला लावा. झाकण फरशीपेक्षा वीतभर उंच आहे का, कडेला रबर आहे का, जनरेटर कुठे आहे, डिझेलखाली सांडलेलं धरून ठेवणारा ट्रे आहे का, हे बघा. शेवटची टाकी कधी धुतली ते रजिस्टरमध्ये दाखवायला सांगा. स्वयंपाकघरातल्या नळाचं पाणी क्लोरीनच्या किटने तपासा. दोन-तीनशे रुपयांत मिळतं. थेंब टाकल्यावर फिकट पिवळा रंग आला पाहिजे. लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला असावा, असं भारतीय मानक आयएस 10500 सांगतं. मीटरजवळ क्लोरीन आहे आणि तुमच्या नळाला अजिबात नाही, तर टाकीत घाण आहे किंवा पाणी फार दिवस साचून राहिलं आहे.

नमुना तपासायला द्यायचा तर एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत द्या. जंतूंच्या चाचणीची बाटली त्यांच्याकडूनच घ्या, ती निर्जंतुक असते आणि क्लोरीन मारणारं औषध त्यात आधीच घातलेलं असतं, म्हणून ती विसळायची नाही. तेलाच्या चाचणीसाठी काचेची बाटली मागा, प्लास्टिकची चालत नाही, आणि बाटलीत ओतण्यासाठी वेगळं भांडं वापरू नका. नेहमीच्या घरगुती तपासणीच्या पॅकेजमध्ये तेलाची चाचणी बहुधा धरलेली नसते. तेव्हा पैसे भरण्याआधी फॉर्मवर 'मिनरल ऑइल' वेगळं लिहून घ्या. मानकात त्याची मर्यादा लिटरला 0.5 मिलिग्रॅम आहे.