बाळ येणार म्हणून कुत्र्या-मांजराला घराबाहेर काढायचं का?

प्रश्न असा आहे: दोन महिन्यांत बाळ येणार, घरात चार वर्षांचा कुत्रा आणि एक मांजर, सासूबाई म्हणतात दोघांनाही आत्ताच कुठेतरी सोडून या, काय करू?

'सासूबाई म्हणतात' इथेच माझं डोकं फिरलं. मीही सासूच आहे. आमच्या घरात कुत्री माझी होती आणि तिला घालवायला निघाला होता तो माझा मुलगा. तेव्हा सगळ्या सासवांना एका माळेत ओवू नकोस. अगंतुगं करते आहे, रागावू नकोस, माझ्या सुनेच्याच वयाची असशील.

उत्तर एवढंच की काढू नकोस. हातात दोन महिने आहेत. पाळणा आत्ताच मांडून ठेव. बाळाच्या खोलीत कुत्र्याने यायचं नसेल तर दार आजपासून बंद कर. बाळ आल्यावर बंद केलंस तर कोणामुळे आपली खोली गेली ते त्याला बरोबर कळतं. फिरायला नेण्याच्या वेळा पुढे जशा जमतील तशा आत्ताच करून टाक. लशी आणि जंताचं औषध यात चालढकल नको. हे सगळं तुला कोणीही सांगेल.

आमची ठकी तेव्हा सात वर्षांची होती. नात घरी आली तेव्हा सगळे श्वास रोखून उभे. ठकीने दुपटं हुंगलं, एक शिंक दिली आणि पाळण्याखाली जाऊन पसरली. पुढचे काही महिने तीच तिची जागा. रात्री बाळ कुरकुरलं की सुनेच्या आधी ठकी उठून बसायची. मुलाने दोघींचे शेकड्याने फोटो काढले, ते सगळ्या नातेवाइकांत फिरले, आणि ठकीसारखी कुत्री त्रिभुवनात नाही असं ठरून गेलं.

मग नात रांगायला लागली. तान्हं बाळ म्हणजे कुत्र्याच्या लेखी एक रडणारं गाठोडं. रांगणारं बाळ त्याच्या तोंडासमोर येतं, डोळ्यांत डोळे घालून बघतं, हाताला लागेल ते मुठीत धरून ओढतं. लोक पहिल्या महिन्यात डोळ्यांत तेल घालून बसतात आणि आठव्या-नवव्या महिन्यात, जेव्हा खरी गरज असते, तेव्हा फोटो काढत बसतात.

त्या दुपारी ठकी दिवाणाजवळ झोपली होती. नात रांगत गेली आणि तिचा कान धरला. ठकीने जीभ काढून ओठ चाटले, मान दुसरीकडे वळवली. मग कान सोडवून घेऊन कोपऱ्यात जाऊन बसली. नात तिकडेही पोचली. ठकीने जांभई दिली. डोकं न हलवता नुसते डोळे तिरके केले, पांढरा भाग दिसेल इतके. कुत्र्याला झोप आली नसताना तो जांभई देतो, भूक नसताना ओठ चाटतो, तेव्हा तो अवघडलेला असतो. बाई इतक्या परीने 'लांब राहा' म्हणत होती आणि घरातली पाच शहाणी माणसं 'किती गोड' म्हणत होती. त्यात मीही आले. नातीने पुन्हा कान धरला आणि ठकी गुरगुरली.

मुलाने उठून तिच्या पाठीत रट्टा घातला. विहीणबाई आलेल्या होत्या, त्यांनी लगेच सुनावलं, ''आज गुरगुरली, उद्या चावेल.'' मी म्हटलं, मारू नकोस, तिने सांगितलं ते ऐक. पण नातीच्या मायेपुढे म्हातारीचं कोण ऐकतो? पुढचे पंधरा-वीस दिवस ठकी जरा गुरगुरली की दरडावणं, फटका, बाहेर बांधणं. आणि काय आश्चर्य, ती गुरगुरायची थांबली. मुलगा खूश. सुधारली म्हणे.

सुधारली नव्हती, गप्प बसायला शिकली होती. कुकरची शिट्टी काढून ठेवली म्हणून आतली वाफ कमी होत नाही. कुत्रा चावण्याआधी सांगतो ते गुरगुरून. ते सांगणंच तुम्ही मारून बंद केलंत तर त्याच्याकडे उरतात फक्त दात. एका संध्याकाळी, ना गुरगुर ना काही, नातीचा हात कानाकडे गेला आणि ठकीने सरळ झडप घातली. मनगटाजवळ दात घासला, रक्ताचा थेंब आला.

हे लक्षात ठेव, कारण अशा वेळी डोकं चालत नाही. वाहत्या पाण्याखाली साबण लावून पूर्ण १५ मिनिटं धुवायचं. बाळ कितीही रडलं तरी १५. वर हळद, तिखट, तेल काहीही लावायचं नाही. आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे, कुत्रा आपला असला आणि लस दिलेली असली तरी. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस जवळपास कधीच वाचत नाही, त्यामुळे 'खरचटलंय नुसतं' हे घरी ठरवायचं नाही. पुढे कुत्र्यावर १० दिवस लक्ष ठेवतात. आमच्या डॉक्टरांनी त्याच दिवशी इंजेक्शनं सुरू केली. ठकीला काही झालं नाही, नातही ठणठणीत राहिली.

मुलगा मात्र रात्रीच ठकीला नेऊन सोडणार होता. मी दारात बसले. खरंच बसले, उंबऱ्यावर. सकाळी आधी जनावरांच्या डॉक्टरांना दाखवू, मग काय ते कर, म्हटलं. त्यांनी उजवा कान उलटून बघितला तर आतून लालभडक, सुजलेला, बरेच दिवस चिघळलेला. ज्या कानाला नात हात घालत होती तोच. इतके दिवस ती 'दुखतंय' म्हणत होती आणि त्याबद्दल मार खात होती. मुलगा तिथे काही बोलला नाही. कानात थेंब घालायचं काम मात्र पुढे दोन आठवडे त्यानेच केलं.

तेव्हा तुझ्या कुत्र्याला बाळ यायच्या आधी एकदा डॉक्टरांना नीट दाखवून घे. कान, दात, सांधे. दुखणाऱ्या जनावराकडून सहनशीलतेची अपेक्षा कशाला? आणि तो गुरगुरला तर बाळाला शांतपणे उचल, त्याला रागावू नकोस. आणखी एक चूक आम्ही केली होती. बाळ झोपलं की ठकीचे लाड, बाळ जागं असलं की तिला हाड्‌हूड. उलटं करायला हवं. बाळ समोर असताना त्याला काहीतरी चांगलं मिळू दे, म्हणजे बाळ आलं की आपली चंगळ, असं त्याच्या मनात बसतं.

आता आमच्याकडे दोन खोल्यांच्या मध्ये जाळीचं फाटक आहे आणि ठकीचा एक कोपरा आहे, तिथे नातीला मज्जाव. लक्ष ठेवायला कोणी नसेल तर फाटक बंद. 'एका मिनिटात आले' म्हणून उठतानाही बंद.

हे ठासून सांगते, कारण त्या संध्याकाळी खोलीत मी होते. विहीणबाईंना मी आजवर रट्ट्याचंच ऐकवत आले, आणि रट्टा चुकीचाच होता. पण नात कानापर्यंत पोचली तेव्हा मी फोनवर बोलत होते, पाठ करून.

आणि सगळीच कुत्री घरात ठेवण्यासारखी असतात असंही माझं म्हणणं नाही. आधी कोणाला चावलेला असेल, किंवा बाळाकडे टक लावून, अंग ताठ करून बघत राहत असेल, तर जाणकाराला दाखव, आणि त्याने सांगितलं तर चांगलं घर शोधून दे. रस्त्यावर सोडून येणं म्हणजे घर शोधणं नव्हे, हे सासूबाईंना माझ्यातर्फे सांग.

मांजराचं राहिलंच. तू गरोदर आहेस, तर त्याच्या लिटरच्या ट्रेला, म्हणजे शी-शूच्या पेटीला, हात लावू नकोस, नवऱ्याला लाव कामाला, आणि रोज. टोक्सोप्लाज्मा हा पोटातल्या बाळाला अपाय करू शकणारा सूक्ष्म परजीवी, त्याची बीजं मांजराच्या शीतून बाहेर पडतात, पण ती बाधण्याजोगी व्हायला किमान एक दिवस लागतो, म्हणून रोज. तसं पाहिलं तर अर्धकच्चं मांस, न धुतलेली भाजी आणि बागेतली माती यांतूनही ते येतं, त्यामुळे सगळा दोष मांजराच्या माथी नको. मांजर बाळाचा श्वास ओढून घेतं ही थाप आहे. पण उबेसाठी ते पाळण्यात शिरतं आणि तान्ह्याला तोंड बाजूला करता येत नाही, म्हणून बाळ झोपलेल्या खोलीत मांजर नको.

विहीणबाईंचा दुसरा धोशा होता, कुत्र्याचा केस पोटात गेला की गाठ होते. मी त्यांना फिनलंडमधला २०१२ साली छापून आलेला अभ्यास ऐकवला होता. ३९७ बाळं, आणि घरात कुत्रा असलेल्यांना पहिल्या वर्षात सर्दी-खोकला नि कानाचे आजार कमी. त्या म्हणाल्या, फिनलंडच्या कुत्र्यांचं मला सांगू नका. मग मीच खोदून वाचलं. केसाने काही होत नाही, तो आला तसा बाहेर पडतो. पण जनावरांची कच्ची आतडी-काळीज खाणाऱ्या कुत्र्याच्या पोटात एक पट्टकृमी, म्हणजे चपटा फितीसारखा जंत, असू शकतो. त्याची अंडी शीतून अंगावरच्या केसांना चिकटतात, आणि ती माणसाच्या पोटात गेली तर यकृतात, फुप्फुसात खरोखरच पाण्याची गाठ होते, वर्षानुवर्षं वाढत राहते. म्हणून कच्ची आतडी-काळीज द्यायचं नाही, पट्टकृमीचं औषध डॉक्टरांना विचारून द्यायचं, हात धुवायचे.

म्हणजे विहीणबाई, हे वाचत असाल तर, तुमचं निम्मं बरोबर होतं. निम्मंच.