सूट किती ते सोड, उरतं किती ते सांग

तुझा मेल काल रात्री वाचला आणि सकाळी चहा घेता घेता परत वाचला. परदेशातल्या पीएचडीच्या दोन ऑफर, एकीत "७५ टक्के ट्यूशन वेव्हर" म्हणजे फीमध्ये सूट आणि दुसरीत "फुल फंडिंग", आणि तू तीन पॅरेग्राफ लिहून मला विचारतेयस की नाव कुठलं मोठं. अगं, अख्ख्या मेलमध्ये तुला दर सेमिस्टरला स्वतःच्या खिशातून किती भरावं लागणार तो आकडाच नाही. उरतं किती? ते आधी सांग, मग नावाबद्दल बोलू.

७५ टक्के म्हणजे कशाचे ७५? बाहेरच्या देशातून आलेल्यांचा फीचा रेट स्थानिकांच्या तिप्पट असेल तर एवढी सूट मिळूनही तू स्थानिक मुलाच्या पाऊण फी भरतेयसच, फक्त पत्रात "अभिनंदन" लिहिलेलं असतं म्हणून ते जाणवत नाही.

आणि सगळीकडे असं नसतं हेही माहीत असू दे. न्यूझीलंडमध्ये बाहेरून पीएचडीला आलेली मुलं तिथेच राहून शिकत असतील तर स्थानिकांइतकीच फी भरतात. टोरांटो युनिव्हर्सिटीने २०१८ पासून बहुतेक इंटरनॅशनल पीएचडीवाल्यांना कॅनेडियन मुलांचाच रेट लावला. जर्मनीत बाडेन-व्युर्टेम्बर्गने २०१७ मध्ये युरोपियन युनियनबाहेरच्यांना सेमिस्टरला १५०० युरो लावले पण डॉक्टरेटवाल्यांना वगळलं, स्वीडननेही २०११ मध्ये बाहेरच्यांना फी सुरू केली तेव्हा तेच केलं. कारण तुम्ही लोक तिथे नुसते शिकत नाही, काम करता. त्यामुळे ती सूट म्हणजे उपकार नव्हे, प्रश्न विचारताना आवाज बारीक करायचं काही कारण नाही.

"फुल फंडिंग"वर तर माझा अजिबात विश्वास नाही. अमेरिकेत ट्यूशन रेमिशन, म्हणजे फीमाफी, बहुतेक वेळा टीए (शिकवण्यात मदत) किंवा आरए (संशोधनात मदत) अशा कामाला चिकटलेलं असतं, काम गेलं की तेही जातं, आणि ट्यूशन माफ असली तरी "फीज" नावाची वेगळी ओळ असते, हेल्थ इन्शुरन्स असतो, समरचं काय ते वेगळंच. २०१७ मध्ये तर तिथल्या संसदेच्या खालच्या सभागृहाच्या, हाउसच्या टॅक्स बिलात ही माफ झालेली ट्यूशन उत्पन्न धरून त्यावर कर लावायचं घाटत होतं, म्हणजे हातात न आलेल्या पैशावर कर, मुलं रस्त्यावर उतरली, शेवटच्या कायद्यात ते आलं नाही. ब्रिटनमध्ये यूकेआरआय या संशोधनाला सरकारी पैसा देणाऱ्या संस्थेच्या स्टुडंटशिप २०२१ पासून बाहेरच्यांनाही खुल्या झाल्या पण तिथून फी येते ती होम रेटची, म्हणजे स्थानिकांइतकीच. मग वरचा फरक कोण भरतंय? पत्रात लिहिलंय का? पुन्हा तेच, उरतं किती.

माझं सांगते. माझ्या ऑफर लेटरमध्ये चार वर्षांची सूट होती आणि खाली बारीक अक्षरात "निधी उपलब्ध असल्यास दरवर्षी रिन्यू". मी ती ओळ वाचली होती गं, नीट वाचली होती. गाईडना विचारलं तर हसून म्हणाले, आजवर कोणाचं थांबलं नाही, आणि मला बरं वाटलं. चौथ्या वर्षी त्यांची ग्रँट संपली. पोर्टल उघडलं तर बॅलन्स लाल रंगात, रजिस्ट्रेशनवर होल्ड, लायब्ररीचं कार्डसुद्धा चालेना, आणि पाचवा चॅप्टर अर्धा. अकाउंट्सच्या बाईंनी अगदी गोड आवाजात विचारलं, "सूट थांबणार नाही हे कुठे लिहिलंय?" कुठेच नव्हतं लिहिलं.

मग मी अकरा मेल केले, डीनपर्यंत गेले, एका सेमिस्टरची फी माफ झाली आणि दुसऱ्याची उसने घेऊन भरली. त्यानंतर गाईड माझ्याशी कामापुरतंच बोलले आणि रेकमेंडेशन लेटरही तसंच आलं, कोरडं. लोक अजून म्हणतात एवढं ताणायला नको होतं. मला नाही पटत. म्हणजे एखाद्या रात्री पटतं, सकाळी नाही. हिशोबी म्हणून नाव झालं, झालं तर झालं, पण मी ताणलं नसतं तर दोन्ही सेमिस्टरची फी माझ्याच अंगावर आली असती. जाऊ दे, हे तुझ्यासाठी लिहितेय की स्वतःसाठी कोण जाणे.

तर आता मेल लिही. गाईडना नको, ग्रॅज्युएट ऑफिसला, गाईड सीसीत. विचार की सूट वजा जाता दर सेमिस्टरला मी नक्की किती भरायचं, किती वर्षं, पुढे रेट वाढला तर सूटही वाढते का तेवढीच राहते, आणि मुदत संपल्यावर थीसिस लिहायच्या काळात काय लागतं. शेवटचं विसरू नकोस, ऑस्ट्रेलियात सेन्सस डेट, म्हणजे टर्मची फी पक्की होण्याची ठरलेली तारीख, उलटून गेली की त्या टर्मची फी अंगावर येते, मग सबमिशन दोनच आठवड्यांनी लांबलेलं असलं तरी.

आणि ते अमेरिकावाले "लगेच कळवा" म्हणतायत त्याचं टेन्शन घेऊ नकोस, तिथल्या बऱ्याच युनिव्हर्सिटींनी फंडिंगच्या ऑफरवर १५ एप्रिलच्या आधी उत्तर मागायचं नाही असं मान्य केलंय, तुझी त्यात आहे का बघ. उत्तरं आली की फॉरवर्ड कर, आणि या वेळी मेलच्या पहिल्या ओळीत आकडा लिही.